चौदावी खेप

१

कुपी जागेवर होती, भुकटी कुपीत होती, आणि तरीही वरच्या मजल्यावर सगळे चोरी झाली असं म्हणत होते.

हे सांगायला खुद्द मॅडम तळघरात उतरल्या तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही. विभागप्रमुख झाल्यापासून त्या माझ्या कारखान्यात एकदाच आल्या होत्या, तेही लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबलं गेलं म्हणून.

मी या संस्थेचा काचकाम करणारा. चंबू, नळ्या, नरसाळी ज्योतीवर घडवायची, फुटली की सांधायची. पूर्वी दारात रांग असायची. आता सगळं तयार माल म्हणून खोक्यांतून येतं आणि फुटलं की कचऱ्यात जातं. महिन्याला दोन-तीन कामं येतात, त्यातलं एखादं कुणाच्या तरी घरच्या फुलदाणीचं असतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. अक्का रोज सकाळी सातला फोन करते, ‘आहेस ना?’ विचारते, मी ‘आहे’ म्हणतो, ती ठेवते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोललंच, तर ती काजळी.

काजळी म्हणजे मॅडमची विद्यार्थिनी. बोटं कायम काळी, म्हणून सगळा मजला तिला त्याच नावाने हाक मारायचा. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची भुकटी हा तिचा विषय. दोन पदार्थ एकमेकांना जोडायचे तर मध्ये एक मध्यस्थ लागतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. या जोडकामाला एरवी पॅलेडियमसारखा दुर्मीळ धातू लागतो. काजळीची भुकटी म्हणे ते धातूशिवाय करायची, वर काम झालं की गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरता यायची. एकदा नाही, दोनदा नाही, तेरा खेपा. हाच तिचा प्रबंध होता आणि हीच तिची चार वर्षं.

“पंधरावी खेप कोरडी गेली,” मॅडम म्हणाल्या. “ती म्हणते कुणीतरी भुकटी बदलली. शेजारच्या प्रयोगशाळेतले सर म्हणतात, चोर बाहेरचा नाहीच, पोरीनेच लबाडी केली. गुरुवारी समिती बसतेय. लबाडी ठरली तर तिचं नाव कापलं जाईल, आणि मग तिला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभी करणार नाही.”

“मग यात मी काय करणार?”

“जरा सगळ्यांशी बोला, काय झालं ते बघा. तुम्ही कुणाच्याच गटात नाही, काका. तुमच्यावर सगळे विश्वास ठेवतील.”

कुणाच्याच गटात नाही, हे खरंच होतं. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं, तरी मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

२

काजळी तिच्या टेबलापाशी वही उघडून बसली होती. डोळे सुजलेले होते, पण मला बघून तिने नेहमीसारखं स्टूल पुढे सरकवलं.

“काका, मी जे दिसलं तेच लिहिलंय. एक आकडाही इकडचा तिकडे केला नाही.”

“केलास असं मी म्हटलं का? वाच बघू.”

तिने वाचलं. दर खेपेला शंभरातलं किती जोडलं गेलं त्याचे ते आकडे. पहिल्या बारा खेपांत पंच्याण्णव, शहाण्णव, पंच्याण्णव. माझ्या नाडीचे ठोकेसुद्धा एवढे सारखे पडत नाहीत.

“बारावी खेप झाली आणि नरसाळ्याची नळी मोडली,” ती म्हणाली. “सोमवारी तुमच्याकडे आणलं, ते शुक्रवारी मिळालं. कामाचा ढीग पडलाय म्हणालात.”

“हं,” मी म्हटलं.

“मग तेरावी खेप. पंच्याण्णव. म्हणजे तोवर सगळं ठीक होतं. चौदावी अडुसष्ट. पंधरावी नऊ.”

“नवीन भुकटी करून पाहिलीस?”

“पाहिली. शून्य. तीच कृती, तीच रसायनं. माझे हात तेच, आणि काम काही होत नाही.” तिने हात पुढे धरले. 

माझ्या मनात आलं, ही शेवटची गोष्टच तिच्या मुळावर येणार. जुनी भुकटी चोराने बदलली असं एक वेळ मान्य करू. पण तिने स्वतः नवी केली, तीही चालत नाही, याला कुठला चोर जबाबदार धरायचा?

“चोरी झाली असं तुला का वाटलं?”

तिने काचेच्या कपाटातून कुपी काढून माझ्या हातात ठेवली. “चिठ्ठी बघा. अक्षर माझंच आहे. पण मी चिठ्ठी वर, मानेपाशी लावते. ही खाली आहे.”

मी कुपी उजेडात धरली. मानेपाशी जुन्या डिंकाचा चौकोन स्पष्ट दिसत होता. चिठ्ठी सोलून काढून कुणीतरी पुन्हा चिकटवली होती.

३

भांडारपालाकडे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असतात आणि सगळ्यांबद्दल मतंही असतात. मी चिठ्ठीचा विषय काढला आणि त्याने कानावर हात ठेवण्याऐवजी छाती पुढे काढली.

“मीच लावली. नियम आहे. चिठ्ठी कुपीच्या मध्यावर हवी, कपाटाबाहेरून वाचता आली पाहिजे. दीडशे कुप्यांच्या लावल्या, कुणी आभारसुद्धा मानले नाहीत.”

“भुकटीला हात लावलात?”

“अहो काचवाले, ती काळी भुकटी मला फुकट दिली तरी मी घरी नेणार नाही. बायको उंबऱ्याच्या आत घेणार नाही मला.”

झालं. चोरीचा एकुलता एक पुरावा एका नियमप्रेमी माणसाने डिंक लावून चिकटवलेला निघाला. मी निघालो, तर त्याने खुर्ची सरकवली. त्यालाही बोलायला माणूस हवं होतं. मोठ्या इमारतीत असे बरेच जण बसलेले असतात, फक्त मजले वेगळे.

“सर म्हणतात ती गुपचूप पॅलेडियम घालायची,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “मी चार वर्षांची नोंदवही चाळली. तिला एक कणही दिलेला नाही. आमच्याकडची शेवटची बाटली खुद्द सरांनीच संपवली, त्याला दहा वर्षं होऊन गेली.”

“मग तिने आणलं कुठून?”

“तेच तर. बिचारी मुलगी साधी आहे. नवं नरसाळं मागायचंही तिच्या जिवावर येतं. टाकाऊ खोक्यातून जुनं उचलून नेलं तिने. ते मोडलं तेव्हा मी म्हटलंसुद्धा, काचवाल्यांकडे नेऊ नकोस, भिजत घोंगडं पडेल, नवं घे. पण तिला तेच हवं होतं. हाताला बसलंय म्हणाली.”

मी उठायला लागलो.

“आणि एक सांगतो, माझं नाव घेऊ नका. ती रजेवर असताना त्या कपाटाची किल्ली माझ्याकडून एका माणसाने नेली होती. दीड महिना झाला. नाव सांगायला हवं का?”

त्याने नाव सांगितलं नाही. फक्त भिंतीकडे बोट केलं. त्या भिंतीपलीकडे शेजारचे सर बसत.

४

शेजारच्या सरांना मी ते विद्यार्थी होते तेव्हापासून ओळखतो. त्यांच्या तरुणपणी दर आठवड्याला ते माझ्याकडे काही ना काही घडवून घ्यायला यायचे. मोठे झाले तसे यायचे थांबले. त्यांचा मला राग नाही, पण विसर पडला असंही नाही.

“हो, मी किल्ली घेतली,” ते म्हणाले. “तिच्या आठव्या खेपेनंतरची चिमूटभर भुकटी घेतली आणि माझ्या यंत्रावर तपासली. चुकीचं केलं, परवानगी घ्यायला हवी होती. ते मी समितीलाही सांगणार आहे.”

“आणि सापडलं काय?”

“पॅलेडियम. अगदी कणभर, लाखात एखादा भाग. पण या जोडकामाला तेवढं पुरतं.”

मला बसावंसं वाटलं. खोलीत दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर पुस्तकं होती.

“धातूशिवाय चालणारी भुकटी म्हणून जगभर मिरवायचं आणि आत धातू घालायचा,” सर म्हणाले. “मी तिला सहज विचारलं होतं, पॅलेडियमची बाटली कुठे ठेवतेस? तिचा चेहरा पडला. त्यानंतर दोन आठवड्यांत तिची भुकटी मेली. घाबरून घालायचं बंद केलं, दुसरं काय? नवी भुकटी चालत नाही तीही त्यामुळेच.”

सगळं जागच्या जागी बसत होतं. माणूस पाण्यात पाहणाऱ्यांपैकी असता तर मी त्याचं म्हणणं झटकून टाकलं असतं. पण सर खोटं बोलत नव्हते. त्यांचं त्यांना खरंच वाटत होतं.

“हे बघा,” त्यांनी एक पत्र माझ्यासमोर टाकलं. “मॅडमनी तिच्या भुकटीचा नमुना पूर्वीच दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवला होता. समितीच्या कागदांत त्यांचं हे उत्तर आहे. पहिली खेप चौऱ्याण्णव, दुसरी सहासष्ट, तिसरी दहा. हिच्याकडे तेरा खेपा चाललेली भुकटी तिकडे दोन खेपांत गळाठते. कारण तिकडे गुपचूप धातू घालायला ही नव्हती.”

मी पत्र दोनदा वाचलं. चौऱ्याण्णव, सहासष्ट, दहा. काजळीच्या वहीतले शेवटचे आकडे माझ्या डोक्यात होतेच. पंच्याण्णव, अडुसष्ट, नऊ.

दोन्हीकडचा उतार अगदी एकसारखा होता.

५

बुधवारी सकाळी मी ज्योत न पेटवता नुसता बसून राहिलो. बदललेली भुकटी एका झटक्यात निकामी होते, पायरी-पायरीने उतरत नाही. म्हणजे भुकटी तीच होती. तिच्यातलं काहीतरी दर खेपेला थोडं झिजत होतं, आणि बारा खेपा कुणीतरी ते पुन्हा भरून देत होतं. दुसऱ्या प्रयोगशाळेत ते पहिल्या खेपेपासूनच भरलं गेलं नाही. इथे ते तेराव्या खेपेपासून भरलं गेलं नाही.

मग तेरावी खेप पंच्याण्णव कशी आली? सगळे इथेच अडत होते. नरसाळं बारावीनंतर दुरुस्त झालं, तेरावी उत्तम गेली, म्हणून नरसाळ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. पण नरसाळं येतं खेपेच्या शेवटी, भुकटी गाळायला. तेराव्या खेपेला वापरलेली भुकटी बाराव्या खेपेनंतर गाळलेली होती, म्हणजे जुन्या, न दुरुस्त झालेल्या नरसाळ्यातून. दुरुस्तीचा परिणाम दिसायचा तो चौदाव्यात. आणि नवी भुकटी तर तयार झाल्यावर पहिल्यांदा धुतली तीच दुरुस्त नरसाळ्यात.

मी वर गेलो. काजळी जागेवर नव्हती. नरसाळं फडक्यावर पालथं घातलेलं होतं. त्याच्या तळाला बारीक छिद्रांची काचेची चकती असते, पाणी खाली जातं आणि भुकटी वर राहते. मी घडवलेल्या प्रत्येक वस्तूच्या काठाला मी एक आकडा कोरतो. खाली येऊन त्या आकड्यावरून माझ्या वहीत नोंद शोधली. चौदा वर्षांपूर्वी, शेजारच्या सरांसाठी, पॅलेडियमच्या कामाला.

तीन-चार वर्षं त्यांनी त्यातून पॅलेडियम गाळलं होतं. तो धातू चकतीच्या छिद्रांत खोल जाऊन बसला होता. आणि कार्बन हा मुलखाचा हावरा. दर वेळी काजळीची भुकटी त्या चकतीवर बसली की कणभर धातू उचलून घ्यायची, पुढच्या खेपेत तो थोडा गमवायची, पुन्हा चकतीवर येऊन घ्यायची. काजळीला याचा पत्ता नव्हता. चार वर्षं ती भुकटीला शाबासकी देत होती आणि काम चकती करत होती.

माझ्याकडे आली तेव्हा करडी दिसणारी चकती आता दुधासारखी पांढरी होती.

ती पांढरी कुणी केली? काच ज्योतीत धरण्याआधी निर्मळ हवी, नाहीतर मळ भाजून कायमचा आत बसतो. म्हणून माझ्याकडे आलेली वस्तू आधी अम्लराजात बुडते. सोन्यालाही विरघळवणारं आम्ल ते. त्याची बरणी माझ्या कोपऱ्यात तशीच होती, कारण मी ते पुन:पुन्हा वापरतो. मी झाकण उचललं. आम्लाचा रंग नेहमीपेक्षा गडद होता.

ज्याला शोधायला मॅडमनी मला पाठवलं होतं, तो मीच होतो.

गप्प बसणं सोपं होतं. बरणी मोरीत रिकामी केली की संपलं. दुसरीकडे, बोललो तर काजळी लबाड नाही हे सिद्ध होईल, पण तिचा शोधही खोटा ठरेल. तिचं नाव वाचवायचं की तिची चार वर्षं, अशी निवड माझ्यावर येऊन पडली, आणि ती माझी नव्हतीच. म्हणून मी तिला खाली बोलावून सगळं सांगितलं.

तिने वाकून बरणीत पाहिलं. मग म्हणाली, “सरांनाच तपासायला द्या. म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही.”

ती स्टुलावर बसली नाही.

६

गुरुवारी अकरा वाजता समितीच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षबाई बाहेरच्या संस्थेतल्या, कमी बोलणाऱ्या. मॅडम, सर, काजळी आणि मी. या मजल्यावरच्या खोलीत मला खुर्ची मिळाली ती ही पहिलीच.

मी जमेल तसं सांगितलं. दोन प्रयोगशाळांचे आकडे सांगितले, नरसाळं खेपेच्या शेवटी येतं हे सांगितलं, चौदा वर्षांपूर्वीची नोंद दाखवली. सरांनी आपल्या यंत्राचा कागद पुढे केला. आम्लात पॅलेडियम होतं.

“माझंच,” ते म्हणाले. “हे मला मान्य करावं लागेल.”

मॅडमनी श्वास सोडला. काजळीच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मी पाहिलं, आणि त्याच वेळी तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझतानाही.

“पण एक राहतंच,” सर म्हणाले. ते मुद्दाम आडवं लावत नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. “मीसुद्धा ही चकती अम्लराजात धूत असे. दर वेळी तास-दीड तास. तरी हा धातू आत राहिलाच ना? मोडलेली नळी सांधायची तर काचवालेही तासभरच बुडवतात, मी पूर्वी कितीदा पाहिलंय. तासाभरात चकती अशी कोरी होत नाही. मग बरणीत हा धातू आला कसा? ही मुलगी त्या आठवड्यात रोज तळघरात जात होती. बरणी उघड्यावर असते. तिने स्वतःजवळचं उरलेलं त्यात ओतलं नसेल कशावरून?”

 अध्यक्षबाईंनी पेन उचललं.

“काचवाले, नरसाळं आम्लात किती वेळ होतं?”

“तीन दिवस,” मी म्हणालो. “सोमवारी दुपारी घातलं, गुरुवारी दुपारी काढलं. नळी सांधायला दहा मिनिटं लागली. रात्रभर भट्टीत ठेवून शुक्रवारी दिलं.”

“का? एवढं काम होतं तुमच्याकडे?”

“त्या महिन्यात माझ्याकडे तेवढं एकच काम होतं.”

सर माझ्याकडे बघत होते. मॅडम बघत होत्या. खोटं सांगायला जागा होती. तब्येत बरी नव्हती, विसरलो, म्हातारा झालो, काहीही चाललं असतं. पण त्यातल्या कशानेही सरांची शंका मिटली नसती, आणि ती शंका घेऊन ही मुलगी जन्मभर फिरली असती. माझे कान तापले. साठीच्या माणसाने चार जणांसमोर हे म्हणायचं म्हणजे अंगावरचे कपडे उतरवून द्यायचे.

“ती रोज विचारायला खाली यायची,” मी म्हणालो. “‘झालं का काका?’ म्हणायची. नाही झालं म्हटलं की स्टुलावर दहा मिनिटं टेकायची, बोलायची. मंगळवारीच दिलं असतं तर तिथेच संपलं असतं. म्हणून मी ते आम्लातून काढलंच नाही. ती आली की बरणीकडे बोट दाखवायचो आणि उद्या ये म्हणायचो. मंगळवारी म्हटलं, बुधवारी म्हटलं, गुरुवारी म्हटलं. वेळ जावा एवढाच हेतू होता. चकतीचं काय होतंय याचा मी विचारही केला नाही.”

 सरांनी समोरचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

“तिन्ही दिवस बरणी भरलेली बघितलीस का?” अध्यक्षबाईंनी काजळीला विचारलं.

“हो. नरसाळं आत बुडालेलं होतं. रोज.”

“मला पुरेसं आहे,” सर म्हणाले. “माझा आरोप मी मागे घेतो.”

अध्यक्षबाईंनी लिहायला सुरुवात केली. लबाडी नाही. निष्कर्ष चुकीचा, हेतू स्वच्छ. काम पुन्हा, नव्या काचेवर, पहिल्यापासून. किमान दोन वर्षं. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी त्या ते मोठ्याने म्हणत होत्या, आणि काजळी प्रत्येकाला मान हलवत होती.

मग कागद माझ्याकडे सरकवला गेला. जबाबाखाली सही हवी होती. मी पेन घेतलं, तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो तिचा हक्काचा होता.

“काका, नुसतं ये म्हणायचं होतंत,” ती म्हणाली. “मी तशीही आले असते.”

सही करायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. कुणी घाई केली नाही.